मुळासकट

रक्ततपासणीच्या लॅबमधले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘राहू दे’ म्हणत. तुटका कीबोर्ड असो की बंद पडलेला प्रिंटर, टाकायची वेळ आली की त्याच्या तोंडून हेच निघे. बायको म्हणायची, घरात माणसांपेक्षा खोकी जास्त झालीत. तो त्यातल्याच एका खोक्यावर बसून चहा प्यायचा.

कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला नुसतं ‘काढ’ सांगितलं, तर तो प्रोग्राम उचलून नेतो, पण सेटिंगच्या फाइली जागच्या जागी ठेवतो. गेलेला परत आला तर त्याला अंथरूण घातलेलं मिळावं. ‘राहू दे’ला हे माणुसकीचं वाटे. मुळासकट काढायची आज्ञा वेगळी असते. ती त्याने कधी दिली नव्हती.

एका सकाळी नळ्यांच्या लेबलांवर पेशंटच्या नंबराचा शेवटचा आकडा उमटेना. नंबर आदल्याच दिवशी एका आकड्याने लांबले होते. त्याने लेबलांचा प्रोग्राम काढला, परत बसवला. आकडा गायबच.

“बाहेर रांग लागलीय,” लॅबच्या बाई म्हणाल्या. “दोघांचं रक्त एका नंबरावर गेलं, तर समजूत घालायला तुम्ही येणार?”

दोष मागे राहिलेल्या जुन्या सेटिंगमध्ये होता; तिथे नंबराला जुन्या लांबीएवढीच जागा होती. घाईत त्याने ती फाइल हाताने पुसली आणि प्रोग्राम पुन्हा बसवला. आता तो सुरूच होईना. कॉम्प्युटरच्या मालकाने फाइल मुद्दाम पुसली, असं पॅकेज मॅनेजरने धरलं होतं. नवी देण्याचं त्याला कारण नव्हतं.

“मघाशी निदान अर्धवट तरी छापत होतं.”

“बाई, लहान मुलांच्या नळ्यांची मापं त्याच फाइलीत होती.”

“कॉपी असेलच की. तुम्ही कधी काही टाकता का?”

त्याने जन्मात एकच गोष्ट पुसली होती, तीही कॉपी न ठेवता.

मागे ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने मुळासकट काढायची आज्ञा दिली. पॅकेज मॅनेजर आधीचं सगळं विसरला. प्रोग्राम कोऱ्या सेटिंगसह बसला, मोठ्या नळ्यांचे नंबर पूर्ण उमटले. लहान नळीवर मात्र लेबल स्वतःवरच गुंडाळलं गेलं आणि नंबर झाकला.

“द्या ती नळी,” तो म्हणाला. “पट्टी आहे?”

बाईंनी नळी आडवी धरली. त्याने मापलं, टाइप केलं, छापलं. लेबल लांब झालं. पुन्हा मापलं.

“आता वाचा.”

बाईंनी चष्मा नाकावर घेतला, नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्याने वाचला आणि दार उघडून पहिल्या मुलाला आत बोलावलं.