तेवीस कप आणि अर्धा

माझ्यावर कुणी गौरवग्रंथ काढणार नाही, हे मला पंचेचाळिशी गाठल्यावर कळलं. म्हटलं, आपणच आपल्याबद्दल चार शब्द लिहावेत, निदान त्यातल्या चुका तरी आपल्या हातच्या असतील. तर मी मेधा आगाशे. जन्म पुण्याचा, मुक्काम डब्लिनच्या उत्तरेला सँट्रीत, विमानतळाच्या इतक्या जवळ की आमच्या गॅलरीतले कपडे विमानांच्या वाऱ्यावर वाळतात, असं माझा नवरा नरेश म्हणतो. उन्हावर वाळत नाहीत हे मात्र खरं. इंजेक्शनची पेनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लास्टिकचे भाग तपासते. थोडक्यात, दुसऱ्यांच्या कामात खोड्या काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते.

मला दोन गोष्टींचा भारी तोरा. एक माझं नियोजन, आणि दुसरे माझे संस्कार. ‘पानात टाकायचं नाही, कपात ठेवायचं नाही’ हे आईने लहानपणीच असं ठसवलं होतं की चहा फुळकवणी असला तरी मी तळ दिसेपर्यंत पिते. सँट्रीत नवीन असताना शेजारणीने “चहा घेणार का?” विचारलं आणि मी पहिल्याच दमात “हो” म्हणाले. बाई दचकलीच. इथे आधी दोनदा नको म्हणायचं, मग ती “अगं, घे की थोडासा” म्हणणार, मग घ्यायचा. आमच्या मावशीच्या घरी हेच तर चालायचं! पण परदेशी लोक सरळ बोलतात असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे दोन वर्षं मी सगळ्या गल्लीत हावरट म्हणून प्रसिद्ध होते.

माझ्या या संस्कारांचा सगळ्यात जास्त जाच झाला तो बाबांना. माझे बाबा, पद्माकर जोगळेकर, एस.टी.तून निवृत्त झालेले. २०१६च्या उन्हाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे होते. दुपारी मी घरून काम करत असले की आम्हा दोघांचा चहा करायचे. माझा पाच मिनिटांत संपायचा. त्यांचा अर्धा कप तसाच समोर, गार, वर साय धरलेला. ते आपले जुन्या डेपोतल्या गमती सांगत बसलेले. माझा एक डोळा घड्याळावर.

“बाबा, संपवा ना. मला कप धुवायचेत.”

“आहे अजून,” ते म्हणायचे.

एकदा माझी मीटिंग होती. मी त्यांच्या पुढ्यातला कप उचलला आणि सरळ सिंकमध्ये ओतला. बाबा काही चिडले नाहीत. “ग्रँड,” म्हणाले. म्हणजे इथल्या बोलीत ‘चालतंय’; तेवढा एकच आयरिश शब्द ते शिकले होते. २०१८च्या जानेवारीत ते पुण्यात वारले. मी पोचले तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते.

आता मुख्य प्रकरण. २०१९च्या एप्रिलमध्ये कंपनीने मला चीनला पाठवलं, शियामेनला. समुद्रकाठचं शहर, दक्षिणेकडचं. तिथल्या एका छोट्या कारखान्यात आमच्या पेनाच्या टोपणाचा साचा बनत होता, तो बघून सही करायची होती. पाडवा सहा तारखेला, शनिवारी. मी नियोजन केलं: शुक्रवारी सकाळी शेवटची मीटिंग, रात्री विमान, शनिवारी दुपारी सँट्रीत गुढी. जरा उशिरा, पण चालतंय. कारखान्याच्या मालकीणबाई लिन यांनी मेलवर कळवलं, “शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी आहे, पण काही अडचण नाही.” मी लगेच मीटिंग टाकून मोकळी. जिच्या माहेरी ‘त्रास कसला त्यात!’ याचा अर्थ ‘आता निघा’ असा होतो, त्या बाईने हे करावं! आमची स्वराली, वय वर्षं तेरा, तिने गूगल करून सांगितलंही होतं, “मॅम, इट्स लाइक, देअर बिग ग्रेव्ह डे.” मी म्हटलं, “तू अभ्यास कर.”

बॅगेत मी जाड कोट, लोकरीचे मोजे आणि दोन थर्मल घेतले. तेरा वर्षं आयर्लंडमध्ये काढली की एप्रिल म्हणजे थंडी. शियामेनला उतरले आणि अंगाचं पाणी झालं. हॉटेलच्या भिंतींनासुद्धा घाम फुटलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं, त्यांना नखाएवढ्या कैऱ्या. पुलाच्या कठड्यांवर बोगनवेल. फुटपाथवर काटेसावरीची लाल फुलं पडलेली. एवढ्या लांब परक्या मुलखात येऊन मला चक्क चिपळूणची आठवण आली, आणि थर्मल घातलेल्या अवस्थेत आली.

शुक्रवारी सकाळी आठला मी कारखान्यात हजर. तिथे लिनबाई, एक पहारेकरी आणि मी, बाकी शुकशुकाट. लिनबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले. इंग्रजी मोडकंतोडकं, पण काम चालत होतं. साचा उत्तम होता. खोडी काढायला काहीही मिळालं नाही, त्यामुळे मी जरा उदासच झाले. नऊ वाजता सह्या झाल्या. मग लिनबाई म्हणाल्या, “चहा?”

मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो. म्हटलं, आता कशी हुशार झाले मी!

लाकडी ताटावर बोटभर उंचीचे कप. लिनबाई ओततात, मी पिते. मी कप रिकामा केला की त्या भरतात. आभार मानायचे तर टेबलावर दोन बोटं टकटक करायची, हे मी विमानात व्हिडिओ बघून शिकले होते. मी टकटक करत होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. दहा कप झाले. पाहुणी पितेय तोवर यजमानाने ओतायचं, हा त्यांचा धर्म. यजमान ओततोय तोवर कपात ठेवायचं नाही, हा माझा धर्म. दोघीही आपापल्या धर्माला पक्क्या.

बाईंना साडेनऊला गावी निघायचं होतं. त्यांचे वडील शरद ऋतूत गेले होते, हा त्यांच्या समाधीवर जायचा पहिला वसंत, आणि त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई डोंगराच्या पायथ्याशी थोरल्या लेकीसाठी खोळंबली होती. पाऊस येण्याआधी चढली तरच म्हातारी चढणार. हे सगळं त्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त मला. मी सतराव्या कपाला त्यांना आयर्लंडच्या हवामानाबद्दल सांगत होते.

मधेमधे त्यांचा फोन वाजायचा आणि त्या तो उलटा करून ठेवायच्या. तेविसाव्या कपाला मी मोठ्या उदारपणे म्हटलं, “घ्या ना फोन!” त्यांनी घेतला. पलीकडून एक म्हातारा आवाज असा काही कडाडला की भाषा कळायची गरजच पडली नाही. ‘कुठे उलथली आहेस?’ हे जगात कुठल्याही आईच्या तोंडून ओळखू येतं.

“आई?” मी विचारलं.

“आई,” लिनबाई म्हणाल्या. “डोंगराखाली बसली आहे. आज वडिलांकडे जायचं.”

“अहो, मग निघायचं ना! थांबलात कशाला?”

त्यांनी माझ्या रिकाम्या कपाकडे बघितलं. मग जरा संकोचून त्यांनी स्वतःचा कप दाखवला. तो काठोकाठ भरलेला होता, पहिल्यापासून तसाच. “पुरे असेल तर भरलेला ठेवायचा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पिताय, तर मी कशी उठू?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मला हॉटेलवर सोडायचं तर उलट्या दिशेला तासभर. मी म्हटलं, “मी तुमच्याबरोबर येते. चला, चला!” आणि त्यांनी एव्हाना सवयीने पुन्हा भरलेला कप जन्मात पहिल्यांदा तसाच टाकून उठले.

गावी पोचेपर्यंत पावणेबारा झाले आणि पाऊस सुरू झाला. पायथ्याशी प्लास्टिकच्या स्टुलावर आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, डोक्यावर छत्री. दगडी पायऱ्या शेवाळाने आणि पावसाने निसरड्या झाल्या होत्या. आजीबाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. लिनबाईंचे डोळे भरून आले होते. माझ्यामुळे, माझ्या तेवीस कपांमुळे एका बाईची नवऱ्याची भेट चुकणार होती. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मग मी म्हटलं, छे, असं नाही चालायचं. आयर्लंडने मला काही दिलं असेल तर पावसात चालायचं वळण आणि त्याला साजेसे बूट. मी आजीबाईंच्या एका बाजूला गेले, लिनबाई दुसऱ्या. सवयीने सकाळपासून हातावर वागवलेला माझा तो जाड कोट शेवटी त्यांच्या अंगावर चढला आणि एकदाचा कामी आला. एकेक पायरी करत आम्ही निघालो. आजीबाई सबंध रस्ताभर माझ्यावर तोंडसुख घेत होत्या, त्यांच्या बोलीत. मी मराठीत सांगत होते, “हो आजी, चुकलंच माझं. पाय जपून. मी मूर्ख आहेच, पण पाय जपून!” संवाद अगदी जुळला होता.

वर पोचायला पाऊण तास लागला. त्यांनी समाधीवरचं गवत उपटलं, दगड पुसला, फळं मांडली. मग आजीबाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि नवऱ्यापुढे तीन कप चहा ओतला. काठोकाठ. त्यातला कुणी पिणार नव्हतं. पुरे म्हणून सांगून झालेला माणूस, त्याचे कप असेच राहणार. आजीबाई ओल्या पायरीवर टेकल्या आणि त्या कपांकडे बघत त्याच्याशी बोलू लागल्या. बऱ्याच तक्रारी असाव्यात. काही बहुतेक माझ्याबद्दलच्याही.

लिनबाईंनी मलाही एक कप दिला. मी सवयीने प्यायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. सायीचा तो गार कप डोळ्यांसमोर आला. पंचवीस वर्षं डेपोत उभ्याउभ्या दोन घोटांत चहा संपवणारा माणूस माझ्याकडे येऊन अर्धा कप का ठेवत होता, हे मला कधी सुचलंच नाही. चहा संपला की मी उठायचे. मी तो संपायची वाट बघत होते आणि बाबा तो संपू नये याची. आणि मी तो ओतून दिला, माझ्या हाताने.

मी रडले, चांगली हुंदके देऊन. आजीबाईंनी बोलणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरकून मला पायरीवर जागा करून दिली.

थोड्या वेळाने लिनबाई थर्मास घेऊन आल्या. माझ्या कपाकडे बघून त्या घुटमळल्या. भरलेला नाही, रिकामाही नाही. त्यांच्या रीतीत याला काही उत्तर नसावं. थर्मास वर उचलून त्यांनी नजरेनेच विचारलं, भरू की नको?

“आहे अजून,” मी म्हणाले, मराठीतच, आणि बसून राहिले.