उद्घाटनाआधी जाळं हलवायचं नाही

जाळं मागायला मीच गेलो होतो. लाखनीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, तलावाच्या पारावर, म्हणजे बांधावर, उभा राहून मीच सांगितलं होतं, "तीन दिवसांत आणून देतो. नाही आणलं तर गावात पाय ठेवू देऊ नका."

ज्यांचं जाळं होतं त्या घरची बाई जाळ्यातला वाळलेला गाळ झटकत बसली होती. वर न पाहताच म्हणाली, "भंडाऱ्यात मासोळ्या विकत नाई भेटत काय जी, जाळंच नेऊन राहिले त?"

नवरा हसला. मी हसलो नाही, मला घाई होती. तेव्हा मला सदैव घाई असे.

आम्ही काही पोरं आणि कॉलेजचे काही प्राध्यापक मिळून भंडाऱ्यात चित्रपट आणि लोककलेचा महोत्सव भरवत होतो. दुपारी सिनेमे, बंगाली, मल्याळी, एखादा परदेशी, नागपूरच्या फिल्म सोसायटीकडून मागून आणलेले. दिवसभर प्रदर्शन. शहरात कासार आहेत, कोष्टी आहेत, सिंधी, मुसलमान, गोंड, तेलुगू बोलणारे, हिंदी बोलणारे. सगळ्यांच्या हातचं काम एका छताखाली दिसावं ही कल्पना. ती चांगली होती, आजही म्हणतो. पण पहिल्याच बैठकीत वाटण्या झाल्या. पितळी भांड्यांना दारासमोरची भिंत, कोशाच्या साड्यांना काचेचं कपाट, सिंधी बायकांच्या भरतकामाला खिडकीचा उजेड. मी विचारलं, तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचं काय? चिटणीस होते कॉलेजात मराठी शिकवणारे सर. ते म्हणाले, "त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?"

झालं. मी घरी जाऊन स्टेन्सिल कापली. 'पितळेला भिंत आणि जाळ्याला हकालपट्टी का?' असं ठळक शीर्षक, खाली सहा मागण्या. बसस्टँडवर, पानठेल्यांवर, कॉलेजच्या फाटकाशी पत्रकं वाटली. पुढच्या बैठकीत सरांनी चष्मा पुसत सांगितलं, "घ्या. स्टेजमागची भिंत घ्या. सगळ्यात मोठी आहे."

जाळं आलं. भिंतभर पसरलं. खाली शिशाच्या मण्यांची ओळ, वर तरंगत्या लाकडांची. समितीनं ते खिळे ठोकून लावलं. शेजारी कार्ड लागलं, मजकूर माझाच: 'जाळे. ढिवर समाजाची सामूहिक निर्मिती. कृपया हात लावू नये.' जाळ्यासमोर सिनेमाचा पांढरा पडदा ताणला. तो वर नेला की जाळं दिसायचं, खाली आणला की झाकायचं.

महोत्सवाचं उद्घाटन करायला नागपूरहून एक मोठे पाहुणे येणार होते. ते आले नाहीत. उद्या येतो म्हणाले. उद्या परवावर गेलं. दरवाज्यावरची लाल फीत तशीच. लोक खालून वाकून आत जायचे, सिनेमा पाहायचे, पुन्हा वाकून बाहेर यायचे. समितीनं ठराव केला: रविवारी पाहुणे नक्की येत आहेत, तोवर प्रदर्शन चालू राहील, उद्घाटनाआधी एकही वस्तू जागची हलवायची नाही. माझे तीन दिवस संपून गेले होते. मी बैठकीत ओरडलो. एकट्याच्या ओरडण्यानं ठराव बदलत नसतात.

शनिवारी दुपारी ती बाई आली. एकटीच, एसटीनं. फितीखालून न वाकता तिनं ती हातानं वर उचलली आणि आत आली.

"माहं जाळं कुठी हाय?"

मी पडदा वर करून दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग खिळ्याला बोट लावलं.

"याले खिये कोनं ठोकले?"

"समितीनं," मी म्हटलं.

"उद्या सकाळी तलावात उतरून राहिले सारे. पाणी आटलं, मासोळीच्या सोसायटीवाल्यायनं दिवस धरला. ज्याचं जाळं पाण्यात नाई, त्याले वाटा नाई. माहा नवरा पारावर बसून हाय, मी येईन म्हणून. काढा."

सर धावत आले. अदबीनं बोलले, ते नेहमीच अदबीनं बोलत. "बाई, फक्त उद्याचा दिवस. दुपारी उद्घाटन झालं की आम्ही स्वतः गाडीनं पोचवतो."

"दुपारी काय पोचवता जी? दुपारपर्यंत तलाव साफ होते."

"तुमच्या समाजाचा सन्मान आहे हा."

"सन्मान उद्याच्याले चुलीवर ठेवू काय?"

तेवढ्यात सिनेमाची वेळ झाली. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, लोक आत आले, पडदा खाली आला. तिचं जाळं पडद्यामागे गेलं. सर माझ्या कानात म्हणाले, सिनेमा संपल्यावर बघू. तिच्या गावची शेवटची बस पाचला होती आणि सिनेमा संपणार होता साडेपाचला. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि ती तर पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेतच बसली होती.

सिनेमा परदेशी. एक माणूस माळरानावरून चालत होता. चालतच होता. मागे प्राध्यापक मंडळी श्वास रोखून बसलेली.

"हा कवाचा चालूनच राहिला," ती मोठ्यानं म्हणाली. "याच्या गावाले बस नाई काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. कोणीतरी श्श केलं.

"मले काहून श्श करता जी? माही बस हाय पाचची."

आता अर्धा हॉल हसत होता. मला हसू येईना. बसवेना. माणूस पडद्यावर चालतोय, त्याच्या मागे जाळं, जाळ्यामागे भिंत, आणि पारावर एक माणूस वाट पाहतोय. मी उठलो, स्टेजवर चढलो, प्रोजेक्टरचा झोत माझ्या तोंडावर आला.

"मशीन बंद करा. दिवे लावा!"

आरडाओरड झाली. दिवे लागले. मी हात वर करून सुरुवात केली, "मित्रहो, ज्या समाजाच्या श्रमांवर..."

"भाषण मंग द्या जी," ती स्टेजखालून म्हणाली. "आधी खिये काढा."

पितळी भांड्यांचे मालक मागच्या रांगेत होते. त्यांनी दुकानातून पक्कड आणवली आणि स्वतः वर चढले. त्यांनी, मी, पुढचा मल्याळी सिनेमा पाहायला आलेल्या दोन नर्सबाईंनी, आम्ही मिळून पडदा वर नेला आणि खिळे उपसले. काही ठिकाणी दोरा तुटलाच. सर दाराशी उभं राहून म्हणत होते, "ठराव आहे! ठराव आहे!" मग मला म्हणाले, "तू विघ्नसंतोषी आहेस. तुला समितीतून काढलं समज."

"समजलो," म्हटलं.

जाळ्याची गुंडाळी झाली, पण बांधायला दोरी नव्हती. जाळ्यासोबत आलेली दोरी कोणीतरी सतरंज्या लावायला वापरली होती. मी दारात गेलो आणि लाल फीत ओढून काढली. तिनंच गाठ मारली, घट्ट.

बस मिळाली. मीही चढलो. तिला एकटीला ते ओझं उचलवलं नसतं, आणि भंडाऱ्यात त्या संध्याकाळी माझं कोण होतं? ती वाटभर जाळ्याची तुटलेली घरं चाचपत राहिली. लाखनी आली तेव्हा विचारलं, "त्या पुठ्ठ्यावर काय लिवलं होतं?"

मी पाठ म्हणून दाखवलं. ढिवर समाजाची सामूहिक निर्मिती.

"समाजानं कवा विणलं?" ती म्हणाली. "मीनं विणलं. दोन पावसाळे. सासू त म्हणे, डोळे फोडून घेजो."

मी म्हटलं, सामूहिक म्हणजे...

"माहं नाव नोहतं काय मालूम तुमाले? इचारलं असतं त सांगतलं असतं."

सकाळी जाळं पाण्यात उतरलं. खिळ्यांची भोकं तिनं रात्रीच गाठी मारून बुजवली होती, पण दोरा पुरला नव्हता. एक मोठं भोक राहिलं, तिथं तिनं लाल फीत ओवून आवळली होती. पाण्यातले बाप्ये ओरडले, "वहिनी, मासोळ्यायचं लगन हाय काय?"

"हो," ती पारावरून ओरडली, "तुमी नाचाले उतरले ना!"

दुपारी भंडाऱ्यात पाहुणे आले म्हणे. फीत नव्हती, तर सुतळी बांधून कापली. स्टेजमागच्या रिकाम्या भिंतीवर माझं कार्ड तसंच होतं, आणि पाहुणे त्याच्यासमोर थांबून मान हलवून पुढे गेले. हे मला नंतर कळलं. तेव्हा तलावात शेवटची ओढ चालली होती, मी कमरेएवढ्या पाण्यात होतो. माझ्या हातात दोरीचं एक टोक होतं आणि ती पारावरून माझ्यावर खेकसत होती, "ढिली नोका सोडू जी! ओढा!"