साबणाचा पोकळ मनोरा

"तो आपला माणूस आहे, बाबा."

"आपला? रणगाडेसुद्धा आपलेच होते ना?"

इन्साफने कपाळाला हात लावला. सव्वा वर्ष झालं, घरात कुठलाही वाद निघाला की तिचा बाप राजिह त्या रणगाड्यांवर येऊन थांबायचा. आज निदान कारखान्यात ऐकायला कुणी नव्हतं. शुक्रवारची दुपार, मालक आणि कामगार नमाजाला गेलेले. फक्त खाली, साबण शिजवायच्या कढईपाशी पाहुणा बसला होता. मुनीफ, अम्मानच्या बाजूने नदी ओलांडून आलेला लढवय्या. म्हणजे त्याचं म्हणणं तसं. शत्रूचे शिपाई मागावर आहेत, दोन दिवस लपवा, एवढीच त्याची मागणी.

लपवायला जागा होती. इथे, पॅलेस्टिनी लोकांच्या नाब्लुस शहरात, साबणाच्या वड्या सुकवायला गोलाकार रचत छतापर्यंत नेतात आणि मध्ये हवेसाठी पोकळी ठेवतात. असे मनोरे रचावेत तर राजिहने. अकराव्या वर्षापासून तो या वरच्या, वड्या सुकवायच्या मजल्यावर अनवाणी वावरला होता. माणसाभोवती मनोरा उभा करणं त्याला तासाभराचं काम.

पण एकेकाळी कुणावरही भरवसा टाकणारा हा माणूस आता सावलीलाही नावगाव विचारायचा. अकरा वर्षं कैरोचा रेडिओ म्हणेल ती पूर्व दिशा. गेल्या वर्षी जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्याच रेडिओने शत्रूची विमानं पटापट पाडली, आणि तिसऱ्या दिवशी शहरात रणगाडे शिरले. पूर्वेकडून आले म्हणजे मदतीला धावलेले इराकीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बायकांनी तांदूळ उधळले. राजिहने धावत जाऊन पहिल्या रणगाड्यावरच्या शिपायाला गार पाण्याचं मडकं दिलं. तो प्याला, हसला, आणि पुढच्या चौकात गोळीबार सुरू झाला. रणगाडे शत्रूचे होते. सहा दिवसांत सगळं आटोपलं, शहर शत्रूच्या ताब्यात गेलं. कैरोच्या नेत्याने राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी परतही घेतला. राजिहने रेडिओ कपाटावर चढवला तो चढवलाच.

इन्साफच्या वयाच्या पोरांनी यातून वेगळाच धडा घेतला होता. कैरो नको, अम्मान नको. आपलं आपण लढायचं, पॅलेस्टिनी म्हणून. राजिहला ते पटायचं, आणि पटायचं म्हणूनच धास्ती वाटायची. मागच्या वेळीही पटलंच होतं.

आता त्याने नवी शंका काढली. तीन रात्री गुहेत काढल्या म्हणणाऱ्या माणसाच्या मानेला सुवासिक साबणाचा वास कसा? इन्साफ म्हणाली, माझ्या शाळेतल्या बाईंकडे आंघोळ केली त्याने. मग बाईंना बोलाव, राजिह म्हणाला. बाई कालच अम्मानला गेल्या होत्या.

"बरं जमलं," राजिह म्हणाला.

तिथे इन्साफचा तोल गेला.

"गावात तुम्हाला काय म्हणतात माहीत आहे? पाणीवाला. काही म्हणतात, मुद्दाम दिलं. तुमची मुलगी म्हणून मला साधी चिठ्ठी पोचवायचं काम कुणी देत नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी विश्वास टाकला, तर तुम्ही त्याची मान हुंगत बसलाय."

राजिहला हे नवीन नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात तो गेला की बोलणी थांबायची. पण पोरीच्या तोंडून ऐकायची ही पहिलीच वेळ. त्याने एक वडी उचलली, तिच्यावरचा कारखान्याचा शिक्का अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि परत जागेवर ठेवली.

"रचतो मनोरा," तो हळूच म्हणाला. "पकडले गेलो तर शिपाई घर उडवतील. उडवू देत, तुला त्यांच्यात मान वर करून उभं राहता आलं पाहिजे. फक्त एक सांग, पोरी. हा मूळचा गाझाचा. साबणाचा कारखाना त्याने जन्मात पाहिला नसेल. मनोरे आतून पोकळ असतात हे तू त्याला सांगितलंस, की त्याने तुला विचारलं? त्याने विचारलं असेल, तर त्याला कुणीतरी शिकवून पाठवलंय."

इन्साफला आठवलं, विचारलं त्यानेच होतं. खाली मुनीफ खाकरला. तिने जिन्याकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि बापाकडे न बघता त्याला जाब विचारायला खाली उतरून गेली.