हात मध्ये आला नव्हता

शेठनं पायातली चप्पल काढून माझ्या थोबाडात मारली, तेव्हा वाशीमच्या त्या दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. बायाही होत्या. कोणीतरी हसलं.

गुन्हा एवढाच. जुनं शिलाई मशीन द्या, नवं सवलतीत न्या, अशी योजना होती. एका बाईनं आणलेल्या मशीनला मी तेल दिलं, चाक फिरवलं आणि म्हणालो, "बाई, हे अजून तीस वर्षं चालते. कायले देता?" बाई मशीन घेऊन परत गेली.

"मायं खाऊन मायंच दुकान बुडवतं काबे?" शेठ म्हणाला. "घे घण. आता येईन ते फोड."

जमा झालेलं मशीन दारातच फोडायचं, हा तिथला नियम. अख्खं भंगारात गेलं तर कोणीतरी दुरुस्त करील, मग नवं कोण घेईल? बिडाचं अंग घणाखाली मडक्यासारखं फुटायचं. नोकरीआधी मी जवळच्याच मालेगावला मशिनंच दुरुस्त करायचो. फोडणारे हात तेच.

पुढचं मशीन आलं ते सलीमचाचांचं. मला काम शिकवणारा माणूस. त्यांच्या मुलानं न विचारता आणलं होतं. मागून चाचा धापा टाकत आले.

"थांब बेटा. हे अम्मीचं हाय. याच्यावर घर जगलं आमचं."

"फोड," शेठ म्हणाला. चप्पल अजून त्याच्या हातात होती.

चाचांनी मशीनवर हात ठेवला. माझ्याकडं बघत. मी मारणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मी मारला.

तीन बोटं चेचली. हाड दिसलं. मशीनची मान तुटून पायरीवर पडली.

"हात मधी आला म्हाताऱ्याचा," शेठ म्हणाला. "रक्त पूस. दुसरं आन."

तोच घण मी काचेत घातला. मग काउंटरवर. मग नव्या मशिनांच्या रांगेवर. शेठ टेबलाखाली शिरला. मी टेबल उलटवलं, घण उचलला. त्याच्या डोक्यावर.

चाचाच ओरडले, "बस कर! पहिलेच लय तोडलं तू." मी घण खाली टाकला.

चाचांनी सगळ्यांना सांगितलं, हात घसरून मध्ये आला. मी मान हलवली. पुढं कितीतरी वर्षं हलवत राहिलो. तुटलेली मान पितळ भरून जोडली, मशीन चालू केलं. बोटं जुळली नाहीत. चाचा यंदा गेले. त्यांची सून आजही त्याच मशीनवर शिवते.

आता लिहून ठेवतो. हात मध्ये आला नव्हता. ठेवलेला होता. मी बघून मारला. एका चपलेच्या भीतीनं मारला.

त्या गादीवर आता शेठचा मुलगा बसतो. सोमवारपासून पुन्हा तीच योजना, दारात तोच खेळ. मी जाणार आहे. पहिल्या मशीनवर हात ठेवणार आहे आणि घण धरणाऱ्याच्या डोळ्यांत बघणार आहे.

मागून कोणी म्हणू नये, म्हाताऱ्याचा हात मध्ये आला. मी ठेवला आहे.