पॅड बदलण्याचा धडा

माझी लेक विशेष मुलांच्या शाळेत जाते. शाळेनं नवा अभ्यासक्रम आखायला समिती केली, तेव्हा पालकांतर्फे मला घेतलं. मी वाळूजच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे, एवढंच मला कळतं. मसुद्यात मोजण्यासारखं एकच होतं: मूल किती वेळ शांत बसतं. बाकी पणत्या रंगवणं आणि पाहुण्यांना नमस्कार करणं.

लेक तेरा वर्षांची, पाळी नुकतीच सुरू झालेली. तिला शिकायला वेळ लागतो, पण शिकलेलं ती चुकवत नाही. पॅड बदलणं अभ्यासक्रमात घ्या, असं मी सुचवलं. मुख्याध्यापिकांनी हातातला कप खाली ठेवला.

"भाऊ, चहाच्या वेळी हे काय काढलंत? तेवढे चार दिवस घरी ठेवत जा ना."

कोणीतरी हसलं. महिन्याला चोवीस दिवस शाळा, त्यातले चार म्हणजे सहावा हिस्सा गेला, असं मी म्हणालो. त्यावर बिस्किटांची बशी फिरली.

मग बायकोनंच घरी शिकवलं. जुनं काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, नवं लावायचं, हात धुवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक हे एकटीनं करू लागली. शाळा उघडल्यावर आम्ही तिला त्या दिवसांतही पाठवलं.

दुपारी फोन आला, ताबडतोब घेऊन जा. मी सुपरवायझरला सांगून निघालो. लेक वर्गाबाहेर उभी होती, ओले हात ड्रेसला पुसत. शिक्षिकेनं नाकाला पदर लावलेला. लेकीनं वापरलेलं पॅड वर्गात आणून त्यांच्या टेबलाजवळच्या कचरापेटीत टाकलं होतं. किळस येते हो, त्या म्हणाल्या.

मी पेटीत पाहिलं. पुडी घट्ट गुंडाळलेली, डाग कुठंच नाही. इथं का आणलंस, म्हणून लेकीला विचारलं.

"बाथरूमात डबा नाय."

मी जाऊन पाहिलं. मोठ्या मुलींच्या बाथरूममध्ये खरंच डबा नव्हता. किळस मलाही आली, पण त्या पुडीची नव्हे.

परत आलो तर मुख्याध्यापिका वर्गापाशी आलेल्या. म्हणाल्या, आता तरी हिला घरी न्या.

"तिचं काय चुकलं, तेवढं सांगा," मी म्हणालो.

त्यांनी शिक्षिकेकडे पाहिलं, शिक्षिकेनं कचरापेटीकडे. लेकीला तिच्या जागेवर बसवून मी कामावर परत गेलो. शाळा सुटायला अजून दोन तास होते.