चाकूरच्या पुढे, मामांचा पाण्याचा कॅन घेऊन

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि सगळीकडे दुष्काळ होता. अशा वेळी भर उन्हाळ्यात मराठवाड्यात हौसेनं कोण जातं? माझे मामा. मामा नगरकडचे ख्रिस्ती कीर्तनकार. "सगळ्यांना सुवार्ता सांगा, अशी प्रभूची आज्ञा आहे. पाऊसपाणी बघून जा, असं कुठं म्हटलंय?" असं म्हणून त्यांनी बाजाची पेटी माझ्या खांद्यावर दिली.

नांदेडला उतरलात तर वाट वाकडी करून अर्धापूरला जाच. दुष्काळातही तिथली केळी गोड आणि स्वस्त होती. आमचं जेवण त्यातच भागलं. मग लोहा, अहमदपूर करत एसटीनं चाकूर. खिडकीपाशी बसू नका, फुफाट्यानं पोट भरतं.

गाडीत नव्या जिल्ह्याचं कौतुक चाललं होतं.

"आता कलेक्टर आपल्या दारात हाय!"

"दारात हाय, पण टँकर कुठं हाय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळी गाडी हसली.

मामांचा एक नियम होता. दुष्काळी गावात पाणी मागायचं नाही आणि कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. म्हणून बरोबर पाण्याचा भलामोठा कॅन. तो कुणाच्या हातात, हे सांगायला नको.

चाकूरच्या पुढे एका खेड्यात, बौद्धवस्तीतल्या कलावतीबाईंच्या अंगणात कीर्तन ठरलं. तिथं यापूर्वी कुणी ही सुवार्ता सांगितली नव्हती. आख्यान रंगावं म्हणून मामा आठवडाभर घसा जपत होते. पोचताच कलावतीबाईंनी तांब्या पुढे केला. "नको, नको, आमचं आहे," म्हणत मामा कॅनमधलं पाणी प्याले. बाई तांब्या घेऊन आत गेल्या.

आख्यान होतं विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं. यहुदी लोक ज्यांच्या भांड्याला शिवत नसत, त्यांतली ती. थकलेला येशू तिलाच म्हणतो, "मला प्यायला पाणी दे." एरवी आख्यान या जागी आलं की माणसं पुढे सरकून बसतात. त्या अंगणात मात्र एकेक जण उठायला लागला. मामा घामाघूम.

दारात उभ्या कलावतीबाई बोलल्या, "महाराज, तुमच्या येशूनं मागून घेतलं. तुम्ही दिलेलं बी घेतलं न्हाई. आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

चिपळ्या थांबल्या.

"अहो, तुमचं पाणी वाचावं म्हणून..."

"आमी म्हनलं का वाचवा?"

मामांनी हात जोडले. "चुकलो, बाई. द्या." तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"हां. आता सांगा," बाई खाली बसत म्हणाल्या. "आमी बुद्धाची मानसं, ते काय बदलायचं न्हाई. पर गोष्ट लई चांगली हाय."

उठलेली माणसं परत बसली. मामांचं असं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. निघताना बाईंनी आमचा कॅनही भरून दिला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

नगरला परतल्यावर चर्चमधल्या लोकांनी विचारलं, "कुणी प्रभूकडे वळलं का?" मामांनी तांब्याची गोष्ट सांगितली. तो कॅन त्यांनी रॉकेलला लावला. त्यानंतर कुठल्याही गावात शिरलो की चिपळ्या पिशवीतच राहायच्या. मामा आधी पहिल्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, थोडं पाणी देता का?"