भित्र्या घराण्याची पिल्लं

प्रयोगशाळेच्या उंदीरघरातल्या या माणसाला सगळे ‘भित्रा’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. करणार काय? पिंजऱ्याचं झाकण पडलं की उंदरांच्या आधी हाच दचकायचा.

त्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांची दोन घराणी वाढवलेली होती. धिटांची जोडी धिटांशी, भित्र्यांची भित्र्यांशी, पिढ्यान्‌पिढ्या. मोठ्या बाई त्यांचे मेंदू काढून बघायच्या, कुठली जनुकं कुणात जागी आहेत, कुणात झोपलेली. पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं आणि ज्याची पाळी आली त्याला टेबलापर्यंत न्यायचं, हे याचं काम. भित्रे उंदीर उचलले की याच्या तळहातावरच मुतायचे. हा कधी रागावला नाही.

कधी कधी भित्रीची पिल्लं धीट आईखाली ठेवायची असत. आधी त्या आईच्या पिंजऱ्यातला भुसा पिल्लांना चोळायचा, म्हणजे ती त्यांना आपली समजते. हे करता करताच याच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

याचा बापही असाच होता. दारावर थाप पडली की गारठायचा. एके दिवशी त्याने आतून कडी लावली, ती शेजाऱ्यांनी दार फोडल्यावरच निघाली. म्हणून मुलगी झाली तेव्हा याने ठरवून टाकलं, ही आपल्या सावलीत वाढायला नको. बहीण खमकी, चार घरांना ऐकू जाईल असं हसणारी, पोटी मूल नाही. तिच्याच पांघरायच्या चादरीत गुंडाळून याने लेक तिच्या ओटीत घातली. बायकोने रडून आकांत केला. ऐकेल तर शपथ! तेव्हापासून ती याच्याशी कामापुरतं बोलते. पोरीला खरं कुणी सांगितलेलं नाही.

परवा बाईंनी निकाल सांगितला. धीट आईने वाढवलेली पिल्लंही भित्रीच निघाली होती. मेंदूतही फरक नव्हता.

“म्हणजे आई बदलून उपयोग नाही?”

“या उंदरांत तरी नाही,” बाई म्हणाल्या. “माणसांचं मी काही सांगणार नाही हं.”

तो तडक बहिणीकडे निघाला. पोरीला आणायचं, बायकोच्या मांडीवर द्यायचं, बस्स.

बहीण दारातच हसली. “ये रे! बघ तुझी भाची, बेल वाजली की कपाटामागे. कुणावर गेलीय कोण जाणे!”

तो कपाटाशी उकिडवा बसला. पोर भिंतीला चिकटली होती, मुठी आवळून. त्याने हात पुढे केला तशी तिच्या फ्रॉकखालची फरशी ओली झाली.

“मामा,” ती कशीबशी म्हणाली, “तू कधी जाणार?”

“हा काय, निघालोच,” तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.